चुरमुरे, सळई, कबुतर

भल्याभल्यांना दहापासून उलटे आकडे मोजायला लावून सात यायच्या आत गाढ झोपवणारी डॉ. तृप्ती कंधारकर संध्याकाळी घरी आली, की चपला काढता काढताच विचारायची, "गिरीश, चहा टाकलास का? मला लढाईवर जायचंय."

आणि ती खरोखरच लढाईवर जायची. नांदेडच्या त्यांच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, सत्तावन्न वर्षांची ही भूलतज्ज्ञ डोळ्यांवर खेळाचा जाड चष्मा चढवून शनीच्या कड्यांमध्ये शत्रूची जहाजं फोडत बसायची. गिरीश चहाचा कप तिच्या थेट हातात द्यायचा, कारण चष्मा चढवला की तिला शनीखेरीज काही दिसायचं नाही.

हे खूळ मुळात तिचं नव्हतं, मुलीचं होतं. शाल्मली सहावीत असताना सायकलवरून पडली आणि मांडीचं हाड मोडून घेऊन अख्खा उन्हाळा अंथरुणात अडकली. मैत्रिणी सुरुवातीला रोज आल्या, मग आपापल्या आजोळी पांगल्या. 'वलययुद्ध' नावाच्या त्या खेळात एका जहाजावर दोघं लागायची. एकानं जहाज चालवायचं, दुसऱ्यानं तोफा. शाल्मलीनं घरात उरलेल्या माणसाला धरलं.

"आई, तू नुसत्या तोफा बघ. बाकीचं मी बघते."

"मला नाही जमायचं ते."

"तू माणसांच्या पाठीत सुया खुपसतेस. हे सोपं आहे त्याच्यापेक्षा."

ते सोपं नव्हतं. तोफांना तीन तऱ्हेचा दारूगोळा होता आणि कुठला कधी वापरायचा ते शत्रू किती लांब आहे यावर ठरायचं. अगदी अंगावर आलेल्या जहाजावर छर्ऱ्यांचा फवारा मारायचा. तो पसरत जातो, नेम धरावा लागत नाही, पण जरा लांब गेला की विरतो. मधल्या पल्ल्याला पोलादी सळई. ती सरळ रेषेत सुसाट जाते, नेम मात्र पक्का हवा. आणि फार लांबच्या जहाजासाठी आपली वाट आपण शोधत जाणारं क्षेपणास्त्र. शाल्मलीनं तिघांची नावं ठेवली: चुरमुरे, सळई आणि कबुतर. त्यांचं जहाज गोल होतं आणि मधोमध त्याला भोक होतं, म्हणून ते थालीपीठ.

तृप्तीची नेहमीची चूक एकच. लांबच्या जहाजावर ती सळई झाडायची.

"आई! तिथं नाहीये ते!"

"दिसतंय की समोर."

"दिसतंय ते मघाचं आहे. तिथला उजेड इथपर्यंत येईस्तोवर ते सरकलं." खेळ रंगावा म्हणून बनवणाऱ्यांनी त्यात प्रकाशाचा वेग मुद्दाम मंद ठेवला होता. "लांबचं जे दिसतं ना, ते शिळं असतं. कबुतर सोड. ते हुडकेल."

हाड जुळलं, शाळा सुरू झाली, पण खेळ सुटला नाही. शाल्मली इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, मग नोकरीला बंगळूरला. तरी बहुतेक संध्याकाळी थालीपीठ उडायचंच. खरं सांगायचं तर तृप्तीला मुलीशी समोरासमोर बसून बोलता यायचं नाही. मुलगी सुट्टीत घरी आली की ती तिला वाढायची, तिचा रक्तदाब मोजायची आणि काय बोलावं ते न सुचून कपाट आवरायला घ्यायची. दोघींचं बोलणं व्हायचं ते जहाजात.

"आई, माझा गणिताचा पेपर गेला. डावीकडून दोन येतायत."

"किती लांब?"

"मधला पल्ला."

"सळई घेते. पुन्हा देता येतो ना पेपर?"

एका मुलावर मन बसलं आणि नंतर उठलं, तेही असंच दोन फैरींच्या मधे सांगून झालं. कुठल्याही मोठ्या प्रश्नावर तृप्तीचं उत्तर ठरलेलं असे: तुझं तू ठरव. मुलीला ह्याहून मोठा मान काय द्यायचा, असं तिला मनापासून वाटायचं.

मंगळाचंही शाल्मलीनं तसंच विचारलं.

मंगळावरच्या गाड्या पृथ्वीवरून चालवायच्या म्हणजे मोठी जिकिरीची गोष्ट. रेडिओचा संदेश प्रकाशाच्या वेगानं जातो खरा, पण मंगळ जवळ असला तरी त्याला तीन-चार मिनिटं लागतात आणि सूर्यापलीकडे गेला की वीस-बावीस. पुढे खड्डा आहे हे इथं कळून 'थांब' म्हटलेलं तिथं पोचेपर्यंत गाडी त्यात गेलेली असते. म्हणून मंगळाच्या फोबॉस या चिमुकल्या चंद्रावर माणसांचा तळ उभारला होता. जमिनीखाली खोदलेल्या खोल्यांत सहा जण राहायचे आणि खाली मंगळावर फिरणाऱ्या गाड्या, जणू अंगणातच असल्यासारख्या, हातानं चालवायचे. इतक्या जवळून संदेशाला क्षणही लागत नाही. शाल्मलीसारखा सफाईदार हात निवड करणाऱ्यांना दुसरा मिळाला नव्हता. तो कुठल्या तालमीत तयार झाला हे तिनं त्यांना सांगितलं की नाही, कोण जाणे.

"आई, जाऊ का मी?"

त्या क्षणी शत्रू अगदी नाकासमोर होता. "तुझं तू ठरव," तृप्ती म्हणाली आणि तिनं चुरमुरे उधळले.

*

यान निघालं तेव्हा पहिले काही दिवस खेळ चालला. मग चंद्र मागे पडला आणि बोलण्यात अडखळ येऊ लागली. तृप्ती 'वळव' म्हणायची आणि थालीपीठ दगडावर आदळल्यावर वळायचं. पंधरवड्यात खेळणं अशक्य झालं. शाल्मलीचे चित्रनिरोप यायचे, इथून गिरीश आणि तृप्ती निरोप पाठवायचे, पण ते एकतर्फी बोलणं. तृप्ती कॅमेऱ्यासमोर बसली की "बरी आहेस ना? नीट जेव," एवढं म्हणून उठायची.

तेव्हा मोहिमेच्या कुटुंब-सहाय्य विभागानं तिला सावली दिली.

तशी ही युक्ती जुनीच. दोन गावांतली माणसं एकत्र खेळतात तेव्हाही संदेश पोचायला निमिषभर वेळ जातोच. तेवढ्यात समोरचा काय करील याचा अंदाज बांधून यंत्र ते आधीच दाखवतं. अंदाज चुकला तर मागाहून गुपचूप दुरुस्ती करतं. निमिषभराचा अंदाज चुकतो कितीसा? सावलीनं हीच युक्ती ताणली होती. शाल्मली आणि तृप्ती वर्षानुवर्षं एकत्र खेळल्या त्यातलं प्रत्येक वळण, प्रत्येक फैर, प्रत्येक शब्द तिला पाजला होता. आता पृथ्वीवर तृप्तीच्या जहाजात शाल्मलीची सावली बसायची आणि लगेच उत्तर द्यायची, तिच्याच आवाजात. तिकडे यानात शाल्मलीच्या शेजारी तृप्तीची सावली. दोघींच्या खऱ्या चाली वाटेत असायच्या. त्या पोचल्या की खेळ तेवढा मागे जाऊन दुरुस्त व्हायचा.

"आई, अंतर बघ अंतर! कबुतर काढ!" पहिल्याच दिवशी सावली ओरडली आणि तृप्तीनं चष्म्याखालून डोळे पुसले.

सुरुवातीला दुरुस्त्या बारीक होत्या. जहाज किंचित हिसका द्यायचं, बस. पुढे अंतर वाढलं तशा त्या ठळक झाल्या. फोडलेलं शत्रूचं जहाज पुन्हा उभं राहायचं, मघाशी झालेला विनोद न झाल्यासारखा व्हायचा. तृप्तीला ते सहन होईना. तिनं विचारलं तर कळलं, दुरुस्त्या लपवायचीही सोय आहे. तिनं लपवल्या.

आणि मग घरात पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं. गिरीश दाराशी येऊन उभा राहायचा.

"कोणाशी बोलायलीस?"

"शालूशी."

"बरं," तो म्हणायचा आणि गॅलरीत जायचा. पाटबंधारे खात्यातून अलीकडेच निवृत्त झालेला हा शांत माणूस रोज संध्याकाळी मुलीचा निरोप पाहायचा, कधी दोनदा पाहायचा, आणि मग स्वतःचा निरोप सांगायचा. विष्णुपुरीच्या धरणाला किती पाणी आहे, गोदावरीकाठी कोणते पक्षी आले, शेजारच्या देगलूरकरांनी पुन्हा मांजर पाळलं. तृप्तीला वाटायचं, हा बिचारा अजून पत्राच्या काळात राहतो.

मधे पंधरा दिवस मंगळ सूर्याच्या नेमका पलीकडे गेला. मधे सूर्यच आडवा आल्यावर रेडिओ जाणार कुठून? सगळा संपर्क बंद झाला. गिरीशचा त्या दिवसांत जेवणावरही जीव नव्हता. एका सकाळी तो अंगणातून धावत आत आला. "आला! निरोप आला तिचा!"

"का, बंद होते का?" तृप्तीनं विचारलं. ती पंधराही दिवस रोज खेळली होती.

गिरीश काहीतरी बोलणार होता, पण हॉस्पिटलची गाडी आली आणि ती गेली.

*

जानेवारीतली गोष्ट. सकाळी दोघं हुरडा खात बसले होते. परतीचं यान महिन्याभरात फोबॉसहून सुटायचं होतं. ते दिवाळीच्या सुमाराला पृथ्वीवर पोचणार होतं. पृथ्वी आणि मंगळ परतीच्या वाटेला सोयीचे उभे राहतात ते सव्वादोन वर्षांतून एकदाच, त्यामुळे हे यान चुकलं की थेट पुढचं.

"सुताराला मी नको सांगितलं," गिरीश म्हणाला. "शालूच्या खोलीतलं कपाट पुढं बघू. आता काय घाई नाही."

"घाई नाही कशी? दिवाळीला येतेय ती."

गिरीशचा हात ताटलीवरच थांबला. "कोण म्हणालं?"

"ती म्हणाली. काल. चकल्या कडक कर म्हणाली."

गिरीशनं ताटली बाजूला सारली. मग अगदी हळू आवाजात, दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतात तसं तो बोलला. "तृप्ती, ती येणार नाहीये. पुढच्या तुकडीबरोबर थांबायलीय ती. मागच्या आठवड्यातल्या निरोपात सांगितलं तिनं. मला वाटलं तू बघितलास. तू काहीच बोलेनास, तेव्हा मला वाटलं तुला लागलंय, म्हणून मीही विषय काढला नाही."

तृप्तीला त्या दिवशी चार शस्त्रक्रियांना भूल द्यायची होती. तिनं चारही पार पाडल्या. चौथ्या पेशंटला शुद्धीवर आणताना ती नेहमीप्रमाणे वाकून म्हणाली, "डोळे उघडा बघू. झालं सगळं." आणि तिचाच आवाज तिला कुणा परक्या बाईचा वाटला.

घरी आल्यावर तिनं चष्मा चढवला.

"आलीस? किती उशीर आई! मी एकटी कधीची गिरक्या मारायलीय," सावली म्हणाली.

"शालू, दिवाळीला येणार आहेस ना?"

"येणार म्हणजे काय! चकल्या कडक कर. मऊ झाल्या तर जहाजातून बाहेर फेकीन."

कालचंच उत्तर, थोडं फिरवून. तृप्तीनं दुरुस्त्या दाखवण्याची कळ दाबली आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली. मंगळ आता पुन्हा जवळ येऊ लागला होता. प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा तास पुरे होता. सावली मधेमधे बडबडत होती, गाणं गुणगुणत होती. अर्ध्या तासानं थालीपीठला हिसका बसला. कडी मागे सरकली, शत्रूची जहाजं आपापल्या जागी परत गेली आणि चालकाच्या खुर्चीतला आवाज मधेच तुटला.

खुर्ची रिकामी होती. जहाज सगळ्या लढाईपासून लांब, कबुतरही पोचणार नाही इतक्या लांब, इंजिन बंद करून उभं होतं. तृप्ती मागे मागे जात राहिली. कालचा दिवस, परवाचा, त्याच्या आधीचा. सगळीकडे तेच. कधीतरी पंधरा दिवसांतून एकदा शाल्मली खरोखर येऊन बसलेली दिसे. पण ती लढत नव्हती. एकही गोळी न झाडता ती शनीच्या कड्यांकडे बघत बसायची आणि थोड्या वेळानं उठून जायची.

तृप्ती गेले कित्येक महिने एकटीच खेळत होती. तिला हे माहीत नव्हतं असंही नाही. सावली म्हणजे सावली, हे तिला कळत होतं. पण रोज थोडं थोडं विसरता येतं, आणि ती विसरली होती.

*

"मला दाखव," ती गिरीशला म्हणाली. "सगळे."

"सगळे?"

"जेवढे आहेत तेवढे."

गिरीशनं दिवाणखान्यातल्या पडद्यावर निरोप लावले. दोघं शेजारी बसले.

पडद्यावरची मुलगी तृप्तीच्या ओळखीची होती आणि नव्हतीही. केस अगदी बारीक कापलेले. चेहरा भरलेला, कारण कमी गुरुत्वात रक्त वर चढतं. हे डॉक्टर तृप्तीला ठाऊक होतं, आई तृप्तीला नवीन होतं. ती पूर्वीपेक्षा सावकाश बोलायची. वाक्याच्या मधे थांबायची आणि थांबल्याचं तिला काही वाटायचं नाही. विनोद कमी झाले होते. हसायची तेव्हा आवाज करत नव्हती, नुसते डोळे बारीक व्हायचे. हे हसणं तिनं कुठून आणलं? कुणाचं बघून? तृप्तीला ते विचारावंसं वाटलं आणि कळलं, की विचारायला फार उशीर झालाय. हसणं जुनं झालं होतं.

तिची गाडी एका गुहेत शिरली होती. कधीकाळी लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेलं लांबच लांब भुयार. आत भिंतींवर मिठाचे पांढरे थर होते, आणि सकाळच्या वेळी त्या थरांवर ओल धरायची. पाणी नव्हे, नुसती ओल. ती सांगताना शाल्मलीनं हात पुढे केला, जणू समोर भिंत आहे.

"ओल सकाळी येते आणि जाते. ती कुठून येते ते बघायला मला आत जायचंय. गाडी तिथं नेणं म्हणजे, बाबा, सुईत दोरा ओवल्यासारखं आहे. नवीन माणसाला शिकायलाच वर्ष जाईल. आणि... नुसतं तेवढंच नाही. मला इथून निघावंसं वाटत नाहीये. हे तुम्हाला वाईट वाटेल. पण खोटं कशाला बोलू."

मग ती थांबली. या वेळी बराच वेळ.

"आई, तुला मी खेळात सांगितलं होतं. तू म्हणालीस, तुझं तू ठरव. पण ते म्हणणारी तू नव्हतीस, तुझी सावली होती. मला तेव्हाही माहीत होतं. तू खरी असतीस तरी हेच म्हणाली असतीस, म्हणून मी तेच उत्तर धरून चालले होते. पण मग ते पटेना. म्हणून इथं सांगते. तू काहीतरी बोल. रागव पाहिजे तर."

त्या निरोपाला आठवडा होऊन गेला होता. पुढच्या निरोपांत शाल्मलीनं बाबांना धरणाचं पाणी विचारलं होतं, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी थोडं थांबून, "आई आहे का तिथं?"

गिरीशनं पडदा बंद केला. "मी म्हणायचो, हॉस्पिटलात आहे. जेवायलीय. खेळायलीय."

"खेळायलीय," तृप्ती म्हणाली. आणि मग ती रडली, तोंडावर हात धरून, आवाज न करता.

सावली बंद करायच्या आधी ती एकदा तिच्याबरोबर खेळली. ते गिरीशलाही तिनं सांगितलं नाही. शत्रूला अगदी जवळ येऊ दिलं, इतकं जवळ की त्याच्या पत्र्यावरचे खिळे दिसावेत. "आई, वेडी आहेस का तू? मार, मार, मार!" सावली किंचाळत होती, खिदळत होती. तीच ती. अंथरुणात पाय वर टांगून पडलेली, पेपर गेलेली, प्रेमात पडलेली, घामेजलेल्या तळव्यांनी जहाज वळवणारी. ही मुलगी कुठल्याही यानानं, कुठल्याही दिवाळीला परत येणार नव्हती. शाल्मली उद्या दारात उभी राहिली असती, तरीही नाही. तृप्तीनं चुरमुरे उधळले. समोरचं जहाज फुलबाजीसारखं उडालं.

"भारी!" सावली म्हणाली. "अजून एक?"

"नको, बाळा," तृप्ती म्हणाली आणि चष्मा काढला.

*

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी घेतली. तिच्या आयुष्यात असा प्रसंग विरळाच. सकाळच्या उन्हात, दिवाणखान्यात ती कॅमेऱ्यासमोर बसली. तिनं आधी किरणोत्साराबद्दल सांगितलं. फोबॉसवर आणखी सव्वादोन वर्षं म्हणजे शरीरावर किती मारा होईल, हाडांचं काय, डोळ्यांचं काय, मातीचा थर किती जाड हवा. बोलून झाल्यावर तिनं ते पुसून टाकलं. मग तिनं गुहेचं कौतुक केलं. तेही पुसलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तू मोठी आहेस, तुझं तू..." आणि वाक्य अर्धवट टाकून उठली.

गिरीश दाराला टेकून उभा होता.

"दुखणाऱ्या माणसाला तू झोपवतेस," तो म्हणाला. "तुझं कामच ते. पण शालू पेशंट नाही तृप्ती. तिला काही टोचू नकोस. तुझं काय होतंय ते सांग फक्त."

"सांगून काय होणार? ती थांबेल, नाहीतर माझ्यासाठी म्हणून परत येईल आणि जन्मभर त्या भुयाराकडे बघत बसेल. दोन्ही वाईट."

"मग तेही सांग."

तृप्ती पुन्हा बसली. कॅमेऱ्याचा दिवा लागला. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तो थांबायची वाट तिनं पाहिली नाही.

"मला तू इथं हवी आहेस," ती म्हणाली.

मग तिला पुढचं काही सुचेना. ती तशीच बघत राहिली आणि कॅमेरा चालू राहिला.

"रोज हवी आहेस. तू पुण्याला गेलीस तेव्हाही हवी होतीस, मी कधी बोलले नाही. मी तुझ्या सावलीशी बोलत बसले, शालू, इतके महिने. ती लगेच उत्तर द्यायची. तू काय बोलत होतीस ते मी ऐकलंच नाही. काल सगळं ऐकलं. तू फार छान बोलतेस. तुझे केस मला आवडले नाहीत." ती थोडं हसली, नाक ओढलं. "तू माझ्यासाठी येऊ नकोस. तुला तिथं राहायचंय ते दिसतंय मला. ओल सांगताना तू हात पुढे केलास ना, तेव्हा दिसलं. राहा. पण मला काहीच वाटलं नाही, असं तू धरून चालू नकोस. मला फार वाटलंय. एवढंच."

तिनं कळ दाबली. निरोप निघाला. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला आणि मधे शाल्मलीनं ऐकायचा वेळ.

गिरीशनं चहा आणला. दोघं सोफ्यावर बसून राहिले. भाजीवाला गेला, शेजारचं मांजर गॅलरीच्या कठड्यावरून चालत गेलं. अर्धा तास झाला. पाऊण झाला. तृप्ती उठली नाही, कपाट आवरायला गेली नाही. तासाभरानं पडदा उजळला.

शाल्मली तळावरच्या कसल्यातरी कोठारात बसली होती, मागे पेट्या रचलेल्या. एकांतासाठी आली असावी. तिचे डोळे लाल होते.

"आई," ती म्हणाली आणि थांबली. "मी राहतेय. ते आधीच ठरलं होतं माझं. तू नको म्हणाली असतीस तरी राहिले असते. हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. केस वाढवणार नाही. इथं धुवायला पाणी नाही." ती हसली, बिनआवाजाची, डोळे बारीक करून. मग तिचा चेहरा हळूहळू पाण्यानं भरल्यासारखा झाला. तिनं तो लपवला नाही.

"आई, ते पहिलं वाक्य पुन्हा म्हण ना. सगळ्यात पहिलं. मी लावून लावून ऐकलंय ते, तसं नको. पुन्हा म्हण. मी बसलेय इथं."

निरोप संपला.

गिरीश उठू लागला. "मी आत जातो," तो म्हणाला.

"बस," तृप्ती म्हणाली आणि तिनं त्याचा हात धरला. दुसऱ्या हातानं तिनं कळ दाबली. तिकडे, एवढ्या लांब, पेट्यांच्या मधे एक मुलगी मांडी घालून वाट पाहत होती आणि तिच्यापर्यंत आवाज पोचायला पंधरा मिनिटं लागणार होती.

"मला तू इथं हवी आहेस, शालू," ती म्हणाली. मग उत्तराची वाट न बघता तिनं तेच पुन्हा म्हटलं.